मदत हवी आहे : समालोचनाचा नमुना शुक्रवारपर्यंत पाठवायचाय

देवगडचा_माईक : एका वाहिनीने आवाजाचा नमुना मागितलाय. माझ्याकडे रेकॉर्डिंग ढीगभर आहेत, पण सगळ्यांत मागे डीजे आणि मध्येमध्ये प्रायोजकांची नावं. काय पाठवू? कोर्स सुचवू नका, वेळ नाही.

रापणकार : मेल्या, खेळ खंयचो? भाषा?

देवगडचा_माईक : टेनिस क्रिकेट, ओव्हरआर्म. मराठीच, अजून काय!

तिखट_तिरफळ : न खेळलेल्याला टीव्हीवर कोण घेतं? तिथे सगळे माजी कसोटीपटू. बाळ पंडितांनी रेडिओवरून मराठीत क्रिकेट घरोघरी नेलं, तेसुद्धा रणजी खेळलेले.

पायरी_आंबा : आणि हर्षा भोगले? केमिकल इंजिनिअर, नंतर अहमदाबादचं आयआयएम. हैदराबादला आकाशवाणीवर बोलायला लागले तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे होते.

तिखट_तिरफळ : एकच नाव किती वर्षं पुरवणार?

खाडीपलीकडे : यूट्यूबवर लाइव्ह करायचं असेल तर ओबीएस हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर घाला, फुकट आहे. मोबाइलचं नेट मात्र दोन कंपन्यांचं ठेवा.

पायरी_आंबा : त्याने हे कुठे विचारलंय?

बंदर_रोड : भोंग्यावरचं काहीही पाठवू नकोस. मैदानात आपण लोकांना चेतवतो. रेडिओवर सगळंच सांगावं लागतं, क्षेत्ररक्षक कुठे तेही. टीव्हीवर चित्र समोर असतं, त्यात भर पडत असेल तरच तोंड उघडायचं. ऑस्ट्रेलियाचे क्रिकेटपटू रिची बेनॉ खेळत असतानाच, 1956 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर, तिथेच मागे राहून बीबीसीत हे शिकले. पुढे त्यांचं गप्प राहणंच गाजलं. तू एखादी मॅच म्यूट कर, खोलीचं दार लाव आणि दोन षटकं मोबाइलवर रेकॉर्ड कर. चौकार गेला हे सांगू नको, का गेला ते सांग.

देवगडचा_माईक : म्हणजे षटकार गेला तरी ओरडायचं नाही?

रापणकार : ओरड, पण प्रायोजकाचा नाव घेव नको.

खाडीपलीकडे : देवगडात आहेस तर पेटीचा भाव काय चाललाय?

देवगडचा_माईक : पेटी राहू दे. म्यूट करून बघितलं, दोन चेंडूंमध्ये बोलायचं जमतंय. पण कबड्डीत अशी उसंत कुठे मिळते?

बंदर_रोड : कबड्डी कुठून आली?

देवगडचा_माईक : वाहिनीला कबड्डीचाच नमुना हवाय ना!

तिखट_तिरफळ : धन्य आहेस.

बंदर_रोड : मग ऐक. चढाई 30 सेकंदांची. चढाईपटू जाताना त्याचं नाव आणि समोर किती बचावपटू उरलेत ते सांग, सहा किंवा जास्त असले तरच बोनस मिळतो. झटापटीत गप्प. गुण पंचांनी दिल्यावरच बोल, आधी नाही. लोणाला, म्हणजे अख्खा संघ बाद झाला की, पाहिजे तेवढा ओरड.