मदत हवी आहे: मणक्याच्या दुखापतीनंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून घरी काय काय करता?

आम्ही देवगडजवळचे. धाकटा भाऊ आंबे काढताना कलमावरून पडला, मणक्याला मार बसला. ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, कमरेखाली संवेदना नाही. पहिल्या तीन महिन्यांत रक्ताच्या गुठळीचा धोका सर्वात जास्त, म्हणून पोटावर रोज एनॉक्सापॅरिनचं (रक्त गोठू न देणारं औषध) इंजेक्शन चालू आहे. ते वहिनीच देते.

त्याला पाय दुखलेला कळतच नाही, म्हणून रोज सकाळी शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजते, गुडघ्याखाली दहा सेंटिमीटरवर पेनाची खूण करून. गेल्या आठवड्यात डावी दोन सेंटिमीटर जास्त भरली. लगेच डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) केली, गुठळी नव्हती. पण जीव टांगणीला लागला होता. शेजारचे प्रेमाने सांगतात, खोबरेल तेलाने चोळा. सुजलेला पाय चोळायचा नाही, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे डॉक्टरांनी बजावलंय.

आता तपासणीला फोंडा घाटातून कोल्हापूरला जायचंय. एवढ्या प्रवासात पाय कसे ठेवता, किती वेळाने हलवता? आणि या दमट हवेत घट्ट मोजे घामाने भिजतात, कातडी लाल होते. तुम्ही काय करता? ज्यांनी घरी असं माणूस सांभाळलंय त्यांनी कृपया लिहा.