'क्षण एक पुरे प्रेमाचा', पण तो म्हणतो कोण?

कर्वेरस्ता (प्रस्ताव)

गेल्या रविवारी कर्वे रस्त्यामागच्या एका घरी आमच्या छोट्या वाचनमंडळात गोविंदाग्रजांची 'प्रेम आणि मरण' वाचली गेली. ज्यांनी ती शाळेनंतर उघडलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोकळ्या मैदानातला एक वृक्ष विजेवर भाळतो, तिच्यासाठी झुरतो, तप करतो. देव प्रसन्न होतो आणि ती भेट म्हणजे मरण आहे याची जाणीव करून देतो, तेव्हा वृक्ष उत्तरतो, 'क्षण एक पुरे प्रेमाचा, वर्षाव पडो मरणांचा, मग पुढे'. वीज येते आणि वृक्ष कोसळतो. नेहमीप्रमाणे वाहवा झाली. मग सत्तरी ओलांडलेल्या एक बाई कप खाली ठेवत म्हणाल्या, "झाडाचं ठीक आहे हो, पण विजेला कोणी काही विचारलं का?" सगळे हसले आणि विषय पुढे सरकला, माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न गेला नाही.

माझे म्हणणे असे आहे की, प्रेम आणि क्रौर्य ही एकमेकांना हुसकावून लावणारी बिऱ्हाडे नाहीत. ती एकाच वाड्यात, पुष्कळदा एकाच खोलीत राहतात, आणि हे कवितेइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही. भवभूतीच्या 'उत्तररामचरित' या संस्कृत नाटकाचा पहिला अंक पाहा. गरोदर सीता रामाच्या हातावर डोके ठेवून झोपली आहे. रामाचा हेर दुर्मुख लोकापवादाची बातमी आणतो, राम तिच्या त्यागाचा निर्णय करतो आणि तिची झोप मोडू न देता तो हात तिच्या डोक्याखालून काढून घेतो. तिचे पाय तो मस्तकाला लावतो. घरात वाढवलेली पाखरी खाटकाने मारावी तसे आपण हिला मरणाच्या हाती देतो आहोत, असे स्वतःच म्हणतो. झोपमोड होऊ नये ही काळजी खरी आहे आणि अरण्यात पाठवणेही खरे आहे. यांतले एक ढोंग ठरवून दुसरे तेवढे खरे मानायचे, तर भवभूतीने हा प्रसंग लिहिलाच नसता. दुसऱ्या अंकात वनदेवता वासंती म्हणते ते 'वज्रादपि कठोराणि मृदूनि कुसुमादपि', म्हणजे वज्राहून कठोर आणि फुलाहूनही मऊ, याच रामाबद्दल. आपल्या तुकोबांचे 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास, कठिण वज्रास भेदूं ऐसे' हेही त्याच जातीचे वचन मला वाटते. आपले काय मत?

शंकेखोर

प्रस्ताव सुंदर लिहिला आहे आणि माझी तक्रार नेमकी त्या सौंदर्याबद्दलच आहे. आधी तुकोबांना यातून सोडवतो. त्या अभंगात मेण आणि वज्र एकाच माणसासाठी नाहीत. 'भले तरि देऊं गांडीची लंगोटी, नाठ्याळा काठी देऊं माथां' ही पुढची ओळ वाचली की हिशेब स्वच्छ होतो: भल्याला लंगोटी, नाठाळाला काठी. ज्याला लंगोटी दिली त्याच्याच डोक्यात काठी घालावी, असे तुकोबा कुठेही म्हणत नाहीत. तुम्ही ज्याबद्दल बोलता आहात ते मात्र एकाच माणसाला आज लंगोटी आणि उद्या काठी देण्याचे शास्त्र आहे.

आता मूळ मुद्दा. माझे बालपण शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेले. समोरच्या खोलीतले गृहस्थ रोज संध्याकाळी बायकोसाठी गजरा आणत. तिला विषमज्वर झाला तेव्हा रात्र रात्र उशाशी बसून कपाळावर पट्ट्या बदलत. याच गृहस्थांनी एकदा मीठ जास्त झाले म्हणून आमटीची वाटी भिंतीवर फेकली. तो हळदीचा डाग दर दिवाळीच्या चुन्याखाली झाके आणि पावसाळ्यात भिंत ओलावली की पुन्हा वर येई. 'आमचे हे रागीट आहेत, पण माया फार' असे त्या बाई सांगत. या 'पण'मध्ये काय काय मुरले असेल ते मला फार उशिरा कळले. आज कोणी या दोघांवर कविता लिहिली, तर गजरा आणि डाग शेजारी शेजारी ठेवून आपण म्हणू, काय गुंतागुंत आहे माणसाच्या मनाची! मला ती गुंतागुंत वाटत नाही. मला ती सोय वाटते. रामाने हात हळूच काढला याचे आपल्याला इतके कौतुक, की सीता जागी झाली असती तर तिने काय म्हटले असते, हे विचारायचे राहून गेले. आणि ती जागी होऊ नये यात रामाचीही सोय होतीच की.

कर्वेरस्ता

तुकोबांबद्दल आपले म्हणणे मान्य, ते उदाहरण मी मागे घेतो. पण शेवटच्या वाक्याने आपण माझेच काम केलेत. हात हळूच काढण्यात माया होती आणि सोयही होती, हे आपल्याला दिसले ते भवभूतीने तो हात दाखवला म्हणून. 'रामाने सीतेचा त्याग केला' एवढ्यावर कोणी थांबले असते, तर आपल्याला फक्त न्याय-अन्यायाची चर्चा करता आली असती. त्या बाईंच्या 'पण'मध्ये काय मुरले होते हे आपल्याला उशिरा कळले, असे आपण लिहिले आहे. जे चांगल्या कवितेमुळे थोडे लवकर कळते ते हेच, असे मी म्हणेन. दाखवणे म्हणजे माफी देणे नव्हे.

देहूकर

दोघांच्या चर्चेत एक राहिले. सोसणाऱ्या व्यक्तीने स्वतः लिहिलेली कविता आपल्याकडे सतराव्या शतकापासून आहे. संत बहिणाबाई (शिऊरच्या, खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत) यांनी अभंगांतून आत्मचरित्र सांगितले आहे. कोल्हापुरात कथाकीर्तनाचा आणि कपिला गाईच्या वासराचा लळा लागलेल्या या कोवळ्या मुलीला नवरा बांधून मारतो, आणि हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवले आहे. पुढे त्या तुकोबांना गुरू मानतात म्हणून तो वैदिक ब्राह्मण आणखी संतापतो. मग आजारी पडतो, तेव्हा त्याची शुश्रूषा बहिणाबाईच करतात, आणि अखेर दोघे मिळून देहूला येतात. गंमत अशी, की पतिसेवा हाच आपला धर्म, असे सांगणारे अभंगही त्यांचेच आहेत. ही शरणागती म्हणावी की हट्ट, याचा निर्णय मला गेली कित्येक वर्षे करता आलेला नाही. पण त्यांनी मार लपवला नाही आणि सेवाही लपवली नाही. शंकेखोर म्हणतात ती 'सोय' इथे कोणाची?

शंकेखोर

नवऱ्याची. बहिणाबाईंची थोरवी मी नाकारत नाही, पण ज्या बाईला घर सोडून जाण्याची वाटच नव्हती, तिच्या सेवेला प्रेम म्हणण्यापूर्वी मी दहादा विचार करीन. 'प्रेम आणि मरण'मधल्या वृक्षाने देवापाशी मागून घेतले होते, त्याला परिणाम सांगितला गेला होता, आणि विजेच्या मनात दुष्टावा नव्हता. कोसळणे हा तिचा स्वभाव आहे. म्हणून ती कविता मला क्रौर्याची वाटतच नाही, ती धाडसाची आहे. सीतेला आणि बहिणाबाईंना कोणता देव विचारायला आला होता? ही दोन प्रकरणे एका खात्यात मांडण्यावर माझी मुख्य हरकत आहे. त्यातून उद्या लग्नपत्रिकेवर 'क्षण एक पुरे प्रेमाचा' छापतात, तेव्हा पुढची ओळ सोयीस्करपणे गाळली जाते, हे आणखी निराळे.

मुळशीची लेक

मी सहसा लिहीत नाही, पण इथे राहवले नाही. आपण सगळे संस्कृत नाटक आणि संतवाङ्मय यांत सापडले आहात. माझ्या आजीला दोन्ही वाचता येत नव्हते. आमचे गाव मुळशी तालुक्यात. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून गावोगावच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांत आमच्या तालुक्यातल्या बायकांचा वाटा मोठा आहे. सीतेचा वनवास हा या ओव्यांचा आवडता विषय. आजी पहाटे जात्याशी बसली की पहिल्या ओव्या देवाच्या, मग सीता येई, आणि मग ही ओवी हमखास:

राम म्हणू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

'राम म्हणू राम' हे शब्द पुन्हा वाचा. नाव घेणे सुटलेले नाही. ज्याला ती रोज नमस्कार करते त्यालाच ती हलक्या दिलाचा म्हणते, आणि दोन्ही एकाच दमात. शंकेखोर, सीता जागी झाली असती तर काय म्हणाली असती, हे विचारायचे राहिले असे आपण लिहिलेत. आमच्याकडे ते राहिलेले नाही. प्रेम आणि क्रौर्य एकत्र नांदतात का, या प्रश्नाची आजीला गरज वाटली नसती. कोण कोणाच्या तोलाचा, एवढेच तिने पाहिले. आणि कर्वेरस्ता, वासंतीच्या उद्गारात रामाबद्दलचे आश्चर्य आहे, आजीच्या ओवीत त्याचे वजन करून झालेले आहे. तराजू तिच्या हातात आहे, हा मला मोठा फरक वाटतो.

कर्वेरस्ता

या उत्तरानंतर माझा प्रस्ताव मी निराळ्या शब्दांत मांडला असता. हात काढणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली कविता मी वाचत आलो आणि तिलाच पूर्ण कविता समजलो. तरी एक विचारू का? आपले आजोबा घरात असताना आजी ही ओवी म्हणत?

मुळशीची लेक

असतानाच. जाते पडवीत आणि आजोबा तिथेच घोंगडीवर, भिंतीकडे तोंड करून. ते तापट होते, तिच्या कपाळावर डाव्या बाजूला एक व्रण होता आणि त्याबद्दल आम्हाला कोणी काही सांगितले नाही. ही ओवी आली की ते मोठ्याने खाकरत. आजी थांबत नसे. ती खुंटा दुसऱ्या हातात घेई, जात्यात दाण्यांची वैरण टाकी आणि पुढची ओवी 'हौशा भ्रतारा'ची म्हणे. ती ओवी कोणासाठी होती हे मी तिला एकदा विचारले होते. "पीठ भर आधी," एवढेच ती म्हणाली.