ऑरव्हिल बघताय का कोणी? पुढे पुढे विनोद कमी होत गेला ते तुम्हाला पटलं का?

कमाटीबागकर

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. गेले दोन महिने रात्री जेवणं आटपली की मी आणि बाबा ऑरव्हिल या अवकाशजहाजावरच्या विनोदी इंग्रजी सिरीजचा एक भाग बघतो, एकच, कारण साडेदहाला बाबांचे डोळे मिटायला लागतात. लहानपणी दर सुट्टीत कमाटीबागेतल्या तारांगणात नेऊन अवकाशाचं वेड मला बाबांनीच लावलं, म्हणून म्हटलं आता मी त्यांना काहीतरी दाखवतो. पहिले दोन सीझन काय हसलो! कॅप्टन एड मर्सर आणि त्याची घटस्फोट झालेली बायको केली त्याच जहाजावर त्याच्याच हाताखाली, आणि परग्रहावरून आलेला अधिकारी बोर्टस, त्याला वर्षातून एकदाच लघवी होते म्हणून अख्खं जहाज त्याच्या ग्रहाकडे वळवतात तो भाग लागला तेव्हा तर बाबांच्या हसण्याने आई ओट्यावरचं काम टाकून बाहेर आली.

आणि परवा तिसरा सीझन सुरू केला. पहिल्याच भागात जहाजावरच्या यंत्रमानवाचं, आयझॅकचं, जे होतं ते बघून बाबा एकदम गप्प. मग म्हणाले, अरे आपण हसायला बसलो होतो ना? मला उत्तर देता येईना. तुम्हाला हा बदल आवडला का? आणि पुढचं बाबांना दाखवू की इथेच थांबू? वय ७१ आहे, मन हळवं आहे.

दांडियाबाजार_७७

मला नाही आवडला, स्पष्ट सांगतो. २०१७ ला आली तेव्हा पाऊण तासाचा भाग, दिवसभराचं डोकं हलकं व्हायचं. २०२२ चा तिसरा सीझन म्हणजे एकेक भाग तासाच्या वर, लढाया, रडारड. चित्रण सुंदर आहे, खर्च दिसतो, पण ते जेलीसारखं याफिट येऊन काहीतरी बोलून जायचं ती मजा कमी झाली. त्याला आवाज देणारा नॉर्म मॅकडोनाल्ड २०२१ मध्ये गेला, तिसऱ्या सीझनमध्ये त्याचा आवाज ऐकताना पोटात तुटतं. मी तरी पहिला सीझनच परत परत बघतो.

अंड्यावरचा_बोर्टस

दादा, मला वाटतं विनोद कमी झाला असं नाही, गंभीरपणा पहिल्यापासूनच होता, आपण हसत होतो म्हणून लक्षात आला नाही. आठवा, दुसऱ्या भागात बोर्टस २१ दिवस अंड्यावर बसतो आणि आपण खो खो हसतो. त्याच अंड्यातून मुलगी निघते. त्यांच्या मोक्लन लोकांत सगळे पुरुषच, मुलगी म्हणजे व्यंग, ऑपरेशन करून टाकायचं, आणि तिसऱ्या भागात त्यावर खटला उभा राहतो. मी धरून चाललो होतो की शेवटी हिरोची बाजू जिंकणार. हरतात हो! त्या रात्री माझी बायको उठून आमच्या मुलीच्या अंगावरची चादर सारखी करून आली, बोलली काही नाही.

आणि ती गोष्ट तिथे सोडून दिलेली नाही. तीच मुलगी, टोपा, तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात मोठी होऊन विचारते की मला आत काहीतरी चुकल्यासारखं का वाटतं. २०१७ ला लावलेला धागा २०२२ ला ओढला. म्हणजे पाच वर्षं आपण ज्या बोर्टसच्या काहीही खाण्यावर हसलो त्यालाच बाप म्हणून उभं राहताना बघतो, आणि आधी हसलो नसतो तर तो आपल्या घरातला झालाच नसता. बाबांना हा भाग दाखवाच. समीक्षकांनी पहिला सीझन धुतला होता, पण बघणारे टिकले ते याच माणसांसाठी.

वाडीतली_मनू

मी फक्त एका भागाबद्दल लिहिणार. दुसऱ्या सीझनचा अकरावा. २०१५ सालचा एक मोबाईल चारशे वर्षांनी टाइम कॅप्सूलमधून, म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी पुरून ठेवलेल्या पेटीतून, निघतो आणि जहाजाचा पायलट गॉर्डन त्यातले मेसेज, फोटो, व्हिडिओ घालून त्या मुलीचं, लॉराचं, जगच सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खोटं जग खरं भासवणाऱ्या खोलीत, उभं करतो आणि तिच्या प्रेमात पडतो. त्याच भागात बोर्टस आणि त्याचा नवरा क्लायडन त्याच कॅप्सूलमधल्या सिगारेटींच्या नादी लागून व्यसनी होतात, ते बघून हसून हसून डोळ्यात पाणी, आणि पाच मिनिटांनी वेगळं पाणी.

लॉराचा जुना प्रियकर ग्रेग परत येतो तेव्हा गॉर्डन त्याला प्रोग्राममधून काढूनच टाकतो. आणि मग लॉरा गात नाही. कारण तिला गायला लावणारा ग्रेगच होता ना. एक माणूस पुसला की दुसऱ्यातलं काय काय जातं ते इतकं साधं दाखवलंय की मी टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आमची आजी गेल्या वर्षी गेली. तिचा फोन कपाटात साड्यांखाली आहे. त्यात तिने मला पाठवलेले व्हॉइस मेसेज आहेत, सगळे एकाच सुरात, "मनू, लवकर ये गं, पोहे गार होतायत". मागे कढईत उलथनं घासल्याचा आवाज येतो. एकातून तर शेजारच्या बेन हाक मारतात तेही ऐकू येतं. चारशे वर्षांनी कोणी तो फोन उघडला तर आजी त्याला कळेल का, की नुसती पोह्याला बोलावणारी बाई वाटेल? हा प्रश्न मला एका विनोदी सिरीजने दिला. त्यामुळे बदल पटला का विचाराल तर हो, शंभर टक्के.

जी_बरोबर_नऊ_पॉइंट_आठ

शाळेत फिजिक्स शिकवते, म्हणून जहाजाच्या सुरक्षा अधिकारी अलाराबद्दल. तिचा ग्रह जास्त गुरुत्वाकर्षणाचा, म्हणून जहाजावर तिच्यात दहा पैलवानांचं बळ, आणि बंद दार फोडायचं असलं की कॅप्टन तिला लोणच्याची बरणी उघडायला सांगितल्यासारखं सांगतो. गंमतच. पण दुसऱ्या सीझनमध्ये तिचं बळ आटतं, कारण इतकी वर्षं कमी गुरुत्वाकर्षणात राहिली. हे उगाच घुसडलेलं नाही. अंतराळ स्थानकात वजन पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, म्हणून तिथे रोज दोनेक तास व्यायाम करावा लागतो. सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी मार्च २०२५ मध्ये परतल्या तेव्हा स्ट्रेचरवरून नेलं, ते मी वर्गात दाखवलं आणि मग अलारा समजावली, पोरांना एका झटक्यात कळलं. अलारा जाताना कॅप्टनच्या टेबलावर खरोखर लोणच्याची बरणी ठेवून जाते. पहिल्या भागातला जोक निरोपाला वापरला, याहून चांगलं लिहिता येतं का सांगा.

कमाटीबागकर

सगळ्यांचे आभार. बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. आजींच्या पोह्यांपाशी त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, लाव पुढचा, पण आधी तो मोबाईलचा भाग परत. तो पाहिला तेव्हा त्यांना मध्येच झोप लागली होती, सिगारेटीच तेवढ्या आठवतात. टोपाच्या भागाला आईलाही बसवणार.

स्क्रीनवाले_काका

मनूताई, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे म्हणून सांगतो. कपाटात पडून राहिलेल्या फोनची बॅटरी फुगते आणि मग फोन उघडतही नाही. आज बाहेर काढा, मागचं झाकण वर आलंय का बघा, आलं असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नका, आधी कुठल्यातरी दुकानात बॅटरी बदलून घ्या. ठीक असेल तर अर्धा चार्ज करा, व्हॉट्सअ‍ॅपमधून आजींचं चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करा आणि दोन ठिकाणी ठेवा, एक पेनड्राइव्हमध्ये, एक दुसऱ्या कोणाच्या घरी.

वाडीतली_मनू

काका, आत्ताच काढला. झाकण सपाट आहे. चार्जिंगला लावलाय.