काचेचं कॅबिनेट: शोभा की डोकेदुखी?

सुकाणू
रविवारी धाकट्या भावाचा पीसी नव्या कॅबिनेटमध्ये हलवला. दोन तासांचं काम, लागले सहा. त्यातले तीन नुसत्या वायरी मागच्या बाजूला कोंबण्यात गेले. समोर काच, डावीकडे काच, चार रंगीत पंखे. भाऊ खूश, मी नाही. समोरच्या काचेमुळे हवा आत येते ती कडेच्या बोटभर फटीतून. गेम सुरू केला की पंखे मिक्सरसारखे ओरडतात. ती काच काढली की दोन मिनिटांत शांत. माझं मत, पुढे जाळीच हवी. शोभा हवी असेल तर मासे पाळा.

रंगीला१२०
राव, काच आणि काच यात फरक असतो. दोन बाजूंनी काच असलेल्या बऱ्याच नव्या कॅबिनेटांत एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डच्या, मागच्या कप्प्यात जातो. हवा खालून आणि उजवीकडून घ्यायची, वरून-मागून सोडायची. तुमचं तसं दिसत नाही. आणि पंखे तपासलेत का? ज्या बाजूला मोटरचा स्टिकर आणि आडवे दांडे, तिकडून हवा बाहेर पडते. बाकी, महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊन पत्र्याआड दडवायचं असेल तर कोठारात ठेवा की.

सुकाणू
बघितलं. वरचा एक उलटा निघाला. तो माझा गाढवपणा. पण सुलटा केला तरी पुढची फट बोटभरच आहे.

जुनी_खोड
जाळीचं कौतुक सांभाळून. आमच्या गल्लीत रस्ता खोदलाय, पंधरा दिवसांत फिल्टरची गोधडी होते. तो धुवायचा कंटाळा असेल तर जाळी घेऊन उपयोग नाही.
काचवाल्यांना एकच सांगणं: काढलेली काच उभी करून फरशीवर टेकवू नका. टफन्ड काच सपाट अंगावर धक्का सोसते, पण कोपरा टाइलला लागला की साबुदाण्यासारखा चुरा. मी झाडूने गोळा केलाय.

खटपटी_ताई
मी काचेच्याच बाजूची. दिवसभर टेबलावर डोळ्यांसमोर असतं, मग नीटनेटकं दिसायला नको? फक्त ते सगळे रंग एकदम फिरवणं बंद करा, लग्नाच्या मांडवासारखं वाटतं. एकच पांढरा ठेवला की खोली किती बदलते बघा. आणि रंगीत दिव्यांची पट्टी लावताना तिच्या प्लगच्या पिना मोजा. तीन पिनी ५ व्होल्टची, चार पिनी १२ व्होल्टची. मी घाईत दाबून बसवली, पट्टी क्षणात गेली.

रंगीला१२०
ताईंना अनुमोदन. मांडववाले आम्ही नव्हे.

सुकाणू
ताई, डाव्या काचेशी माझं भांडण नाहीच, आतलं दिसू दे. भांडण समोरच्या काचेशी. ती सध्या जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर आहे. भाऊ म्हणतो, "पाहुणे आले की लावू."