शब्दचर्चा: आयसीएलच्या अहवालातला ‘व्हॉल्ट’

प्रश्न
आयसीएल, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी डोळ्यातले नैसर्गिक भिंग न काढता बुबुळामागे बसवायची लेन्स. ती बसवलेल्या रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक करतो आहे. अहवालात ‘व्हॉल्ट ४८० मायक्रॉन’ असे येते. कोशात घुमट, कमान, तळघर असे अर्थ मिळाले. कोणता घेऊ?

उत्तर
तिन्ही सोडा. घुमट आणि कमान आकार सांगतात, इथे मोजतात ते अंतर: आयसीएलच्या मागच्या पृष्ठभागापासून नैसर्गिक भिंगाच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंत, बाहुलीच्या मध्याशी. ‘पोकळी’ही नको, त्या जागेत नेत्रजल (डोळ्याच्या आतला पाण्यासारखा द्रव) असते. रुग्णासाठी ‘दोन भिंगांमधले अंतर’ लिहा, कंसात व्हॉल्ट. साधारण २५० ते ७५० मायक्रॉन ठीक समजतात. फार कमी असेल तर नैसर्गिक भिंगाच्या पुढच्या भागात मोतीबिंदू धरण्याची भीती. फार जास्त असेल तर बुबुळ पुढे ढकलले जाते, त्याचा पारपटलाशी (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराशी) होणारा कोन अरुंद होतो आणि डोळ्यातला दाब चढू शकतो.

दुसरे उत्तर
कमान अगदीच परकी नाही. लेन्सची टोके बुबुळामागच्या खाचेत (सल्कस) टेकतात. खाचेच्या मानाने लेन्स लांब निघाली तर ती जास्त वाकून वर उचलली जाते, तोकडी निघाली तर सपाट बसते. मापे मात्र चारच: १२.१, १२.६, १३.२ आणि १३.७ मिमी. निवड बहुतेकदा ‘व्हाइट टू व्हाइट’वर होते. ती पारपटलाची आडवी रुंदी, खाचेची नव्हे, आणि दोन्हींचे प्रमाण प्रत्येक डोळ्यात सारखे नसते. अंदाज चुकतो तो बहुधा इथेच.

म्हणून पत्रकात नुसते ‘डोळ्याचा स्कॅन’ लिहू नका. ओसीटी ही स्कॅनची पद्धत प्रकाशावर चालते. बुबुळातले रंगद्रव्य प्रकाश अडवते, त्यामुळे तिला मागची खाच दिसत नाही. ती दाखवते यूबीएम, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाची सोनोग्राफी. ‘सोनोग्राफी’ हा शब्द रुग्णाला आधीच ठाऊक असतो. शस्त्रक्रियेआधी खाच मोजायची तर यूबीएम, नंतर अंतर पाहायचे तर ओसीटी. ओसीटीत डोळ्याला स्पर्श न करता काम होते.

प्रश्नकर्ता
‘बुबुळ’ चालेल ना? वर्तमानपत्रात ‘बुबुळ प्रत्यारोपण’ वाचतो, तिथे तर पारपटल अभिप्रेत असते.

उत्तर
शालेय पुस्तकांप्रमाणे बुबुळ म्हणजे रंगीत पडदा, पारपटल म्हणजे पुढचा पारदर्शक थर. बोलण्यात दोन्हींची सरमिसळ आहेच. पहिल्यांदा ‘बुबुळ (डोळ्यातला रंगीत पडदा)’ लिहा. इथे ढिलाई केली तर ‘बुबुळामागे लेन्स’ वाचून कुणाला ती पारपटलाला चिकटून बसते असे वाटेल.

प्रश्नकर्ता
आणि ‘मॉनिटरिंग’?

दुसरे उत्तर
‘देखरेख’ मोघम आहे, ‘अंतराची फेरतपासणी’ म्हणा. एक अट जरूर लिहा: दर वेळी खोलीतला उजेड सारखा हवा. उजेडात बाहुली आकुंचते, बुबुळ लेन्सला मागे रेटते आणि आकडा कमी येतो, अंधारात वाढतो. उजेड वेगळा असेल तर दोन भेटींच्या आकड्यांची तुलना फोल. शिवाय शस्त्रक्रियेत वापरलेला जेलसारखा पदार्थ (व्हिस्को) लेन्समागे उरला, तर सुरुवातीला अंतर खोटेच मोठे दिसते आणि दाबही वाढतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या आकड्याजवळ दाबाचाही आकडा हवा.

लेन्सच्या मध्यावर ०.३६ मिमीचे छिद्र असेल तर नेत्रजल त्यातून वाहते. अशा लेन्ससाठी मोतीबिंदूचा इशारा थोडा सौम्य करा, काढून मात्र टाकू नका.

उत्तर
मजकूर असा बसेल: ‘ओसीटी तपासणीत तुमच्या नव्या लेन्सचे आणि नैसर्गिक भिंगाचे अंतर (व्हॉल्ट) ४८० मायक्रॉन, म्हणजे जवळपास अर्धा मिलिमीटर आहे. डोळा दुखला, लाल झाला किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच या.’