लिंटरच्या सगळ्या सूचना पाळायच्या का?

उद्यमनगरकर:
फौंड्रीच्या स्टॉकसाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिलाय. व्यवस्थित चालतोय. फ्लेक८ हा लिंटर (कोड न चालवता त्यातल्या चुका आणि मांडणी तपासणारा प्रोग्राम) लावला तर स्क्रीनभर सूचना, निम्म्या ई५०१, म्हणजे ओळ ७९ अक्षरांपेक्षा लांब. कोड चालत असताना यात वेळ घालवावा का?

राजारामपुरीवाला:
भावा, घालवच. पण सगळ्या सूचना एका मापानं मोजू नको. एफनं सुरू होणाऱ्या आधी बघ. एफ८४१ म्हणजे फंक्शनमध्ये व्हेरिएबलला किंमत दिली, पण पुढं ते कुठंच वापरलं नाही. कास्टिंगच्या एका बिलात हेच सापडलं होतं: घट काढलेली, पण एकूण वजनातून वजाच केलेली नाही. कोड चालत होता, आकडा चुकत होता! असल्या सूचनेकडं दुर्लक्ष करणं मला अजिबात पटत नाही.

ई७४१, म्हणजे व्हेरिएबलला नुसतं एल (l) सारखं फसवं नाव, ही सूचना पण सोडू नको. स्मॉल एल आणि १ शेजारी आले की फरक कळत नाही. वजनाला सरळ वजन म्हण.

ई५०१ ला तेवढी घाई नाही. पेप ८ मध्येच, म्हणजे पायथनच्या अधिकृत लेखनशैलीच्या नियमांतच, टीमच्या संमतीनं ९९ अक्षरांपर्यंत मुभा आहे. एखादी सूचना दाबायचीच असेल तर नुसतं नोक्वा (ओळीच्या शेवटी # noqa, म्हणजे या ओळीवर सूचना देऊ नको) लिहू नको, पुढं तिचा नंबर टाक.

उद्यमनगरकर:
ब्लॅक, म्हणजे कोडची मांडणी आपोआप सुधारणारं टूल, चालवलं तर?

राजारामपुरीवाला:
चालव की. बहुतेक लांब ओळी तेच मोडेल. त्याची मर्यादा ८८, मग फ्लेक८ मध्येही ८८ च ठेव. नावं मात्र तुलाच सुधारावी लागणार.