ऑगस्टमध्ये मॉरिशस: पूर्व किनारा घ्यावा की पश्चिम?

रामबागकर (प्रश्न)

नमस्कार. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात माझे आई-वडील, आम्ही दोघे आणि 9 वर्षांची मुलगी असे पाच जण 7 रात्रींसाठी मॉरिशसला जाणार आहोत. इंदूरहून मुंबई आणि तेथून थेट विमान, एवढे ठरले आहे. राहण्यासाठी एजंटने दोन कोटेशने दिली आहेत. पहिले पूर्व किनाऱ्यावरील बेल मार येथील रिसॉर्टचे असून त्यात तिन्ही वेळचे जेवण, चहा-फराळ, मद्य आणि पाण्यातील काही खेळ असे सर्व समाविष्ट आहे. दुसरे पश्चिमेकडील फ्लिक-आँ-फ्लाक येथील हॉटेलचे आहे; त्यात केवळ नाश्ता व रात्रीचे जेवण मिळते आणि तरीही रकमेत फारसा फरक नाही. आम्ही मद्य घेत नाही, पूर्ण शाकाहारी आहोत आणि श्रावणात आई कांदा-लसूणही खात नाही. तिचे वय 71 आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा हा तिचा पहिलाच मोठा प्रवास असून समुद्राजवळ निवांत बसायला मिळावे, एवढीच तिची इच्छा आहे. त्या दिवसांत पूर्व किनाऱ्यावर फार वारा असतो असे कानावर आले. तो कितपत त्रासदायक ठरतो, हे तेथे राहून आलेल्या कोणी कृपया सांगावे.

पलासियाहून

आम्ही जुलैच्या अखेरीस पूर्व किनाऱ्यावरच्या अशाच एका रिसॉर्टमध्ये आठवडाभर राहिलो होतो, म्हणून सविस्तर लिहिते. तो वारा वादळासारखा येऊन जाणारा नसतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वाढू लागतो आणि दिवसभर एकाच जोराने वाहत राहतो. खुर्चीवर टाकलेला टॉवेल उडतो, बारीक वाळू पोटऱ्यांना टोचते आणि शेजारच्या माणसाशीही आवाज चढवून बोलावे लागते. माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने किनाऱ्यावर जाऊन बसल्या आणि अर्ध्या तासात शाल लपेटून आत आल्या. पुढचे सहा दिवस त्यांनी समुद्र बहुतेक काचेतूनच पाहिला, याचे मला आजही वाईट वाटते. पॅकेजमध्ये कयाक, पेडल बोट आणि काचेच्या तळाची नाव होती. परंतु लाल बावटा लागला की सर्व बंद, आणि तो सातांपैकी चार दिवस लागला होता. पाणीही त्या दिवसांत आपल्या अपेक्षेपेक्षा गार, साधारण 23 अंशांचे असते. मात्र सकाळी सात वाजता तेथील खाजण आरशासारखे शांत असे, आणि ती वेळ आम्ही एकदाही चुकवली नाही. पूर्वेला गेलातच, तर पोहणे, फिरणे सर्व नाश्त्यापूर्वी उरकावे.

भूगोलशिक्षक

या वाऱ्यामागचे कारण समजले तर निवड करणे सोपे जाईल. मॉरिशस सुमारे 20 अंश दक्षिण अक्षांशावर आहे, त्यामुळे ऑगस्टमध्ये तेथे हिवाळा असतो. त्या ऋतूत दक्षिण हिंदी महासागरावरील मास्करीन उच्चदाब क्षेत्र बळावते आणि त्याच्या उत्तर कडेने आग्नेयेकडून व्यापारी वारे जोराने वाहतात. हेच वारे पुढे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून आपल्याकडे पाऊस आणतात; म्हणजे बेल मारला टॉवेल उडवणारी हवा आणि इंदूरचा श्रावण यांचे मूळ एकच आहे. बेटाच्या मध्यभागी पठार असल्याने वारा पूर्वेला थेट आदळतो, तर पश्चिम किनारा आडोशाला राहतो आणि तुलनेने कोरडा व उबदार असतो. फ्लिक-आँ-फ्लाक याच बाजूला आहे. पश्चिम म्हणजे सर्वत्र शांत, असे मात्र समजू नये. नैर्ऋत्य टोकाला असलेल्या ल मोर्नच्या डोंगराला वळसा घालून वारा जोराने येतो, म्हणूनच पतंगाच्या साहाय्याने लाटांवर सरकणारे खेळाडू तेथे जमतात. तो डोंगर 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तो पाहायला जावे, मुक्काम मात्र तेथे करू नये.

बडोदेकर

मी पॅकेजच्या हिशोबापुरते लिहितो. सर्वसमावेशक दरात मद्याचा वाटा मोठा असतो आणि आपण ते घेणार नाही. दुपारचे जेवण फुकट आहे म्हणून माणूस फिरायला गेलेला असतानाही घड्याळ पाहत परततो, आणि हिंदूंचे पवित्र सरोवर गंगा तलाव, रंगीत मातीच्या टेकड्यांचे शामारेल, भारतीय करारबद्ध मजूर जेथे उतरले तो राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट ही ठिकाणे तशीच राहून जातात. बेट लहान आहे. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर मोटारीने सुमारे दीड तासात पोहोचता येते. दुपारी बाहेर धोलपुरी खावी. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली ही पोळी पाहून आपल्याला बिनगुळाची पुरणपोळीच आठवते. सोबतच्या रस्स्यात लसूण असतो, त्यामुळे आईंसाठी नुसती पोळी मागावी. रात्रीच्या बुफेसाठी कांदा-लसूण नको, अंडे नको, माशांचा अर्क नको, असे हॉटेलला आधीच ईमेलने कळवावे आणि त्यांचे लेखी उत्तर जवळ ठेवावे. एजंटच्या तोंडी आश्वासनावर आमचे दोन दिवस फळांवर निघाले होते. पाण्यात उतरताना सर्वांनी रबरी बूट घालावेत, कारण प्रवाळात समुद्री साळिंदरे (पायात काटे रुतवणारे गोल जलचर) असतात.

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. पलासियाच्या ताईंच्या सासूबाईंविषयी वाचले आणि बेल मारचा विचार तेथेच सोडला. फ्लिक-आँ-फ्लाकच्या हॉटेलला आजच ईमेल पाठवून तळमजल्यावरची, किनाऱ्याकडे पायऱ्या न लागणारी खोली आणि आईच्या जेवणाची सोय, या दोन्हींविषयी लेखी विचारणा केली आहे. ऑगस्टमध्ये तेथे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि पश्चिम किनाऱ्यावरून तो समुद्रात मावळताना दिसेल, हे आईला सांगितले. तिने लगेच शाल बॅगेत ठेवली आहे.